पट्ट्यातली सकाळ

त्या दिवशी सकाळी अंगणातल्या फणसाच्या पानांवरून धुक्याचं पाणी टपटपत होतं आणि आप्पांचा डबा, म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारा जुना संगणक, चालू होत नव्हता. यात नवं काहीच नव्हतं. शलाकाने बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, श्वासभर फिरला आणि थांबला. मग कोणी हात न लावता पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. शेवटी एक लांब शिट्टी वाजली आणि सगळं गप्प झालं.

"आजही रुसलाय," ती म्हणाली.

खाटेवर उशांना टेकून बसलेले आप्पा हसले. पक्षाघातानंतर त्यांचं हसू तोंडाच्या डाव्या बाजूलाच उमटायचं, त्यामुळे ते नेहमी कुणाची तरी खोडी काढून बसल्यासारखे दिसायचे. गळ्याभोवतीच्या राखाडी पट्ट्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांचे ओठ हलले, पण घशातून नुसती घरघर आली. त्यांनी डावा हात उचलून टेबलाकडे बोट दाखवलं आणि ओठ पुन्हा हलले, या वेळी बराच वेळ.

"कळलं हो. नाही ना होत तो चालू. धुकं विरलं की होईल. दुपारी सांगा काय ते, मी कुंदावहिनींना बटण दाबायला सांगून जाते."

आप्पांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे हल्ली कळत नसे. बोट अजून टेबलाकडेच होतं. टेबलावर डबा होता, त्याचा पडदा, औषधांची पेटी, चष्म्याचं घर, तिची पाण्याची बाटली, कालचा पेपर, सगळं एकमेकांना खेटून. शलाकाने त्यांच्या मांडीवरची शाल सारखी केली, पिशवी खांद्याला लावली आणि वाचनालय उघडायला निघाली. "येते हं," असं ती दारातून म्हणाली, ते चपला शोधता शोधता.

दुपार व्हायच्या आत तिला तहान लागली. बाटली घरीच राहिली होती म्हणून ती माठाकडे गेली, आणि पेला भरत असतानाच फोन वाजला. शेजारच्या कुंदावहिनी होत्या.

"शलाका, तू ये गो. आधी ये."

ती पोचली तेव्हा डॉक्टर पायऱ्या उतरत होते. ते तिच्याकडे न बघता बाजूला झाले, त्यावरून तिला कळलं.

*

देवरुखात चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारलं असतं, तर रमाकांत भुवड म्हणजे स्टँडचा आवाज, असंच उत्तर मिळालं असतं. आप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून ते घोषणा करायचे, आणि त्यांचा आवाज मच्छीमार्केटपर्यंत जायचा. बाया म्हणायच्या, भुवडांनी सांगितल्याशिवाय गाडी आली असं वाटतच नाही. पुढे बॅटरीवरच्या गाड्या आल्या, घोषणा यंत्र करू लागलं, आणि आप्पा निवृत्त झाले.

आई शलाकाच्या लहानपणीच गेली होती. घरात दोघंच, आणि दोघंही कमी बोलणारी. ग्रंथालयशास्त्र शिकायला ती कोल्हापूरला राहायची, तेव्हा सुट्टी संपली की आप्पाच तिची बॅग स्टँडपर्यंत आणायचे. पण गाडीपाशी यायचे नाहीत. "ड्यूटीवर आहे," म्हणून केबिनमध्ये जाऊन बसायचे. ती खिडकीजवळ बसली की कर्णा खरखरायचा. "देवरुख, साखरपा, मलकापूरमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. प्रवाशांनी सामान जपून गाडीत बसून घ्यावं." मग जरा थांबून, "घाट आहे. पिण्याचं पाणी सोबत असू द्यावं."

शेवटचं वाक्य घोषणेतलंच असावं असं तिला पहिलं वर्षभर वाटत होतं. इम्तियाज काझी शाळेत तिच्या वर्गात होता आणि कोल्हापूरला आयटीआय करायचा. दर सोमवारी तो याच गाडीने जायचा.

"तुझा बाप पक्षपाती आहे," तो एकदा घाटात म्हणाला. "तू गाडीत नसलीस की पाण्याचं नाव काढत नाहीत. आम्ही मेलो तहानेने तरी चालेल."

शलाका हसली होती. पण घरी गेल्यावर तिने हे आप्पांना विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. गाडी सुटताना ती केबिनकडे बघायची. काचेवर ऊन असायचं, आतलं काही दिसायचं नाही.

*

पक्षाघाताने आप्पांचे शब्द नेले नव्हते. शब्द जिभेपर्यंत नेणारी वाट तेवढी मोडली होती. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूकडून हुकूम सुटतात, आणि स्नायू हलोत न हलोत, गळ्याशी आणि जबड्याशी विजेची अगदी बारीक थरथर उठते. पट्टा ती थरथर टिपायचा. अडचण अशी की, जखमी मेंदूचे हुकूम ज्याच्या त्याच्या परीने मोडलेले असतात. आप्पांचा 'चहा' दुसऱ्या कुणाच्या गळ्यात 'पाऊस' ठरला असता. त्यामुळे त्यांची भाषा शिकणारी एक चिप लागायची. ती एका कार्डावर बसवलेली होती आणि ते कार्ड संगणकात खोचायचं होतं.

साधा संगणक शिकलेलं सगळं आकड्यांत ठेवतो, आणि आकडे कुठेही उतरवून घेता येतात. ही चिप आकडे ठेवत नसे. तिच्यातल्या पातळ थरातून वीज ज्या वाटेने पुन्हा पुन्हा जाई, ती वाट सोपी होत जाई, माळावर पायवाट पडते तशी. तिला वीज थोडी लागे, नेट लागत नसे, आणि माणसाच्या मनातलं बोलणं घराबाहेर जात नसे. म्हणून त्या वर्षांत अशा चिपा सगळीकडे आल्या. तिची नक्कल मात्र होत नसे. पायवाटेचा नकाशा काढून दुसऱ्या माळावर नेला, तर तिथले दगड वेगळे असतात. आणि कोणी चाललंच नाही, तर हळूहळू गवत उगवतं.

कार्ड सरकारी दवाखान्यातून मिळालं. ते खोचायला वाचनालयाच्या अडगळीतला जुना डेस्कटॉप शलाकाने घरी आणला. तोच आप्पांचा डबा. शिकवताना पेशंटने पाठ असलेली वाक्यं मनात पुन्हा पुन्हा म्हणायची असतात. कुणी आरत्या म्हणतं, कुणी पाढे. आप्पांनी घोषणा म्हटल्या. पावसाळाभर त्या घरात साखरप्याच्या, संगमेश्वरच्या, मार्लेश्वरच्या गाड्या लागत होत्या. मग एके दिवशी डब्यातून कंपनीने भरलेल्या सफाईदार पुरुषी आवाजात वाक्य आलं, "कढीत मीठ नाही."

शलाकाने ताक गाळता गाळता मागे वळून पाहिलं होतं. आप्पा अर्ध्या तोंडाने हसत होते. "हा माणूस पुण्याचा दिसतो," डबा पुढे म्हणाला. "माझ्या नावावर बोलतोय."

दसऱ्यापर्यंत डबा बिनतक्रार चालला. मग सकाळी रुसायला लागला, दुपारी ऊन आलं की नीट. दोघांना त्याची सवय झाली होती.

*

दहाव्याला शलाकानेच नदीवर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. मुंबईचे काका उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "दादाचं मागे काही राहिलं नाही हो." सगळ्यांना बरं वाटलं.

घरी जिथे आप्पांना ठेवलं होतं तिथे समई तेवत होती, आणि तिच्याजवळ शलाकाने पट्टा चार्जिंगला लावून ठेवला होता. डबा सापडला नाही की पट्टा ऐकलेलं स्वतःजवळ साठवायचा. त्याची बॅटरी उतरली असती तर ते पुसलं गेलं असतं. ती समईत तेल घालायची तेव्हा पट्ट्याची वायरही तपासायची. हिरवा दिवा म्हणजे आत काहीतरी आहे. त्या सकाळी आप्पांचे ओठ बराच वेळ हलले होते, ते सगळं त्या पट्ट्यात होतं, आणि जगातलं एकच कार्ड ते वाचू शकत होतं.

पाहुणे गेल्यावर तिने दुपारच्या उन्हात डबा चालू करून पाहिला. पंखा, थांबणं, पंखा, शिट्टी. आता तो दुपारीही चालू होत नव्हता.

"त्या दिवशी मी लय वेळा दाबलं गो बटण," कुंदावहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या. "तोंड आणखीच वाकडं झालं त्यांचं, मला काय सुचेना. म्हटलं, काय होतंय ते सांगतील तरी. दाबत राहिले, दाबत राहिले. डॉक्टरला नंतर फोन केला." त्यांनी पदर तोंडाला लावला. शलाकाने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्रावर एक मुलगी बोलली. आवाज लहान होता, वागणं चांगलं होतं.

"वापरकर्ते नाहीयेत का आता? फार वाईट झालं, मॅडम. कार्ड परत पाठवलंत तर बरं होईल. पुसून दुसऱ्या पेशंटला देतो आम्ही. रांग मोठी आहे."

"पाठवते. त्याआधी मला एकच ऐकायचंय. पट्ट्यात आहे."

शलाकाने लक्षणं सांगितली.

"डेस्कटॉप आम्ही आता बघत नाही, मॅडम. त्याचे सुटे भागच येत नाहीत. पण एक सांगते. तो असा अर्धवट सुरू होऊन बंद पडतो ना, दर वेळी कार्डाला झटका बसतो. वरवरच्या वाटा आधी पुसतात. खोल असतात त्या राहतात."

"खोल म्हणजे?"

"आधी शिकलेलं, जास्त वेळा म्हटलेलं. कार्ड थकलं की काहीही ऐकलं तरी तिकडेच घसरतं. पेशंट असले तर ते दुरुस्त करतात, नाही नाही, असं नाही म्हणालो म्हणून. आता दुरुस्त करणारं कोणी नाही. चुकीचं वाचलं तर तीच वाट आणखी खोल होणार. म्हणून चालू झालाच तर एकदाच ऐका. पहिल्यांदा जे येईल तेच त्यातल्या त्यात खरं. आणि कार्ड स्लॉटमधून काढू नका. हाताच्या स्थिर विजेने जाऊ शकतं."

"उन्हाळ्यापर्यंत थांबले तर? कोरडी हवा असेल तेव्हा?"

"वीज नसेल तर वाटा बुजतात, मॅडम. थांबू नका."

म्हणजे प्रयत्न केला तरी पुसणार, आणि नाही केला तरी पुसणार.

*

इम्तियाज आता स्टँडवर गाड्यांचं चार्जिंग सांभाळायचा. आयटीआयमध्ये त्याने संगणक दुरुस्ती शिकली होती. "शेवटची बॅच," तो डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाला. "आमच्यानंतर तो वर्गच बंद केला त्यांनी. आम्हाला बघून केला असेल."

"आठवतंय का काही?"

"बघू. पॉवर सप्लाय गेला असणार. सकाळी थंडीत उठत नाही म्हणजे आतले कपॅसिटर म्हातारे झाले. तुझ्यामाझ्यासारखे."

रत्नागिरीच्या भंगारवाल्याकडून त्याने दुसरा सप्लाय आणून जोडला. बटण दाबायच्या आधी त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. पंखा, थांबणं, पंखा, शिट्टी.

"सप्लाय नव्हता," इम्तियाज म्हणाला.

आत्ताच्या झटक्यात आप्पांचे कोणते शब्द गेले असतील, हे शलाकाच्या डोक्यातून जाईना. कढी गेली असेल? पेपर? ते कुंदावहिनींना 'कुंदाताई' म्हणायचे, ते? तिने आयुष्यभर पुस्तकांवरची धूळ झटकली होती. वाळवी लागलेलं पुस्तक उघडलं की अक्षरं कुठे खाल्ली आहेत ते निदान दिसतं. इथे काय गेलं आणि काय उरलं, ते बघायलाही डबाच चालू व्हायला हवा होता.

"ही शिट्टी लांब आहे ना, म्हणजे मेमरी," इम्तियाजने दुसरा अंदाज बांधला. "खोडरबर आहे का घरात? आमचं दोन वर्षांचं शिक्षण त्या एका वस्तूत होतं."

त्याने मेमरीची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, फुंकर मारली, परत बसवली. या वेळी डबा चालू झाला. पडद्यावर अक्षरं आली. शलाका उठून उभी राहिली, पट्टा तिच्या हातात होता. कंपनीचं चिन्ह अर्धं उमटलं आणि सगळं काळं झालं.

"बसलं नव्हतं नीट," इम्तियाज पुटपुटला. त्याने पुन्हा बसवलं. मग बोर्डावरचा गोल सेल बदलला. मग पडद्याची वायर, मग बटणाची. दर वेळी तो बदलायचा, आणि दर वेळी बटण दाबायच्या आधी दोघं थांबायची. कधी पंखा दोनदा फिरे, कधी तीनदा. एकाच प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर मिळत होतं.

शेवटी त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "सर आमचे एकच सांगायचे. दुखणं सापडत नसेल तर सगळं काढा. नुसता बोर्ड ठेवा. मग एकेक लावत जा. ज्याच्या नंतर बंद पडेल तो चोर. आपण सगळं काढलं, शलाका. एक सोडून."

"कार्ड काढायचं नाही म्हणालीये ती कंपनीची मुलगी."

"माहितीये. म्हणून तर बोललो नाही इतका वेळ."

ती खिडकीपाशी गेली. बाहेर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं. काही दिवसांनी आप्पांचं कार्ड दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्याची भाषा शिकायला जाणार होतं. त्या माणसालाही काहीतरी सांगायचं असेल. त्यालाही सकाळी कुणीतरी, दुपारी सांगा, म्हणत असेल.

"उद्या सकाळी काढू," ती म्हणाली. "धुक्यातच. तेव्हा खरं काय ते कळेल."

*

सकाळी शलाकाने एका हाताने डब्याची लोखंडी कड धरली, म्हणजे अंगातली वीज तिकडे जावी, आणि दुसऱ्या हाताने कार्ड ओढून काढलं. ते वाटलं त्यापेक्षा सहज निघालं. हलकं होतं. तिने ते स्वच्छ पंच्यावर ठेवलं आणि बटण दाबलं.

एक छोटी शिट्टी वाजली. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. बाहेर धुकं होतं, आणि डबा ठणठणीत होता.

इम्तियाजने तोंडावरून हात फिरवला. डबा बरा होता याचा अर्थ दुखणं कार्डात होतं. दोघांनाही ते कळलं होतं.

शलाकाने कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. त्याच्या कडेला सोनेरी दातांची ओळ होती, आणि त्यातल्या काही दातांमध्ये लाल काहीतरी भरलं होतं. गंज असेल असं तिला आधी वाटलं. तिने नखाने खरवडलं. बोट लाल झालं. तिने ते नाकाशी नेलं.

"कुंकू आहे," ती म्हणाली.

इम्तियाजने मोबाइलचा दिवा स्लॉटमध्ये मारला. "आत तांदूळ आहे. एक नाही, दोन. चिकटलेत." त्याने चिमट्याने ते काढून तिच्या तळहातावर ठेवले. फुगून पुन्हा वाळलेले, कुंकवाने लाल झालेले तांदूळ.

शलाका खाटेच्या कडेवर बसली.

दसऱ्याला आप्पांनी हट्ट धरला होता. आयुष्यभर त्यांनी केबिनमधल्या माइकची पूजा केली होती, आता या पुण्याच्या माणसाची करायची. तिने झेंडूचं फूल ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. अक्षता मी घालणार, असं डबा म्हणाला होता. ते डाव्या हाताने घालायला लागले तेव्हा तिने सहज म्हटलं होतं, "उजव्या हाताने घालतात ना?" मग तिने त्यांचा लुळा उजवा हात उचलला, ओल्या कुंकवातल्या अक्षता त्यांच्या मुठीत भरल्या, तो हात डब्यावर नेला आणि त्यांचं एकेक बोट उघडलं. अक्षता पडल्या. वरच्या जाळीतून आत गेल्याचा टिकटिक आवाजही आला होता. दोघं हसली होती. "नैवेद्य खातोय," डबा म्हणाला होता.

जाळीच्या बरोबर खाली ते कार्ड आडवं बसलेलं होतं, फळीसारखं. अक्षता घरंगळत त्याच्या मुळाशी गेल्या. धुक्यात कुंकू ओलं व्हायचं, वीज नको तिथून वाहायची, आणि डबा स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. दुपारी ते वाळलं की सगळं नीट. पुढे ओल मुरत गेली आणि दातच खाल्ले गेले. सप्लाय, मेमरी, सेल, सगळं धडधाकट होतं. जिथे हात लावायची भीती होती तेवढी एकच जागा त्यांनी सोडली होती.

"चार्जिंगच्या खांबांना आम्हीपण हार घालतो दसऱ्याला," इम्तियाज म्हणाला. "हळदीची बोटं मीच लावून घेतो. कुणाच्या डोक्यात येणार?"

शलाकाने मूठ मिटली. हात त्यांचा होता, उघडला तिने होता.

*

त्यांनी कार्डाचे दात पुसले, स्लॉट मऊ ब्रशने झाडला, आणि दोन्ही दुपारपर्यंत वाळू दिली. शलाकाने कार्ड परत बसवलं. इम्तियाज बटणाजवळून मागे सरला. "तू दाब," तो म्हणाला. "मी पडवीत आहे. फोन येणारे स्टँडवरून." त्याला फोन येणार नव्हता, हे दोघांना माहीत होतं.

पंखा फिरला आणि फिरत राहिला. एक छोटी शिट्टी वाजली. पडदा उजळला, कंपनीचं चिन्ह पुरं उमटलं. थोड्या वेळाने पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला, आणि पडद्यावर ओळ आली. साठवलेलं बोलणं सापडलं. ऐकायचं का?

ती आप्पांच्या जागेवर जाऊन बसली, उशांना न टेकता. बोट पडद्यावर ठेवण्यापूर्वी तिला वाटलं, ऐकू नये. ऐकलं नाही तोवर त्यात काहीही असू शकत होतं. मग तिला त्या बुजत जाणाऱ्या वाटांवरचं गवत आठवलं, आणि तिने बोट टेकवलं.

डबा बराच वेळ काही बोलला नाही. मग तो पुण्याचा माणूस बोलू लागला, मध्ये मध्ये अडखळत, कुणी त्याला धरून चालवत असल्यासारखा.

"देवरुख... मलकापूरमार्गे... जाणारी गाडी... फलाट क्रमांक दोनवर लागली आहे." खरखर झाली. "सामान जपून... बसून घ्यावं." आणि मग, जरा थांबून, एका दमात, "पिण्याचं पाणी सोबत असू द्यावं."

पडद्यावर ओळ आली. बोलणं संपलं.

सगळ्यात आधी शिकलेलं, सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं. कार्ड थकलं की काहीही ऐकलं तरी तिकडेच घसरतं. आप्पा त्या सकाळी काय बोलले असतील ते असतील. छातीत दुखतंय म्हणाले असतील. आज जाऊ नकोस म्हणाले असतील. त्यांचं ते सगळं बोलणं या एका जुन्या वाटेत घरंगळून गेलं असेल, अक्षता गेल्या तशा. आणि आता ते परत वर काढणारं कोणी नव्हतं. पुन्हा ऐकवलं तर डबा हेच म्हणाला असता, आणखी ठामपणे.

"काय म्हणाले?" पडवीतून इम्तियाजने विचारलं, अगदी हळू.

ती आप्पांच्या जागेवरून समोर बघत होती. त्यांचा डावा हात जिथून उठला होता तिथून तिने स्वतःचा डावा हात उचलला आणि टेबलाकडे बोट केलं. डबा टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात होता. बोट तिकडे जात नव्हतं. बोटाच्या सरळ रेषेत टेबलाची डावी कड होती, जिथे ती रोज आपली बाटली भरून ठेवायची. आत्ताही ती तिथेच होती, सकाळी भरलेली.

बाटली विसरू नकोस म्हणाले असतील, तेही खरं असू शकत होतं. दोन्ही असू शकत होती, आणि त्यातलं कुठलं, हे सांगू शकणारा माणूस एकच होता.

समई शांत तेवत होती. पट्टा तिच्या मांडीवर होता, रिकामा झालेला, कुठल्याच गळ्याला न लागलेला. तिने तो दोन्ही हातांत धरला. तिच्या घशातून आधी नुसती घरघर आली, आणि मग शब्द आले, मोठ्याने, कोरड्या दुपारी, पडवीतल्या माणसाला ऐकू जाईल इतके.

"आप्पा, ते पाण्याचं माझ्यासाठी असायचं ना? मला माहीत होतं. गाडीत बसून मी तेवढ्याचीच वाट बघायचे. दर वेळी ऐकू यायचं मला."